गीत, कान आणि परभाषा

कोणत्याही धर्मग्रामाचा महोत्सव-अंक उघडला म्हणजे त्यांत चर्चच्या बांधणीचा, होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा आणि निरनिराळ्या संस्थांचा इतिहास असावयाचाच. आणि तो असावा हें योग्यही आहे. परंतु ज्या एका गोष्टीनें पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांच्या जिभेला वळण लाविलें, तिचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. ती गोष्ट म्हणजे गाणें. येथें गायनकलेचा विचार कर्तव्य नाहीं. परकी भाषा कानांत उतरावी आणि तोंडांतून बाहेर पडावी, यासाठीं गाण्याचा उपयोग पूर्वींच्या लोकांनीं कसा केला, आणि आज आपल्या मुलांना इंग्रजी ऐकावयास व बोलावयास शिकवितांना तो कितपत होतो, एवढाच विषय प्रस्तुत लेखांत घ्यावयाचा आहे.

हा विषय घेण्यास कारण घडलें तें असें. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंत (तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) लहान मुलांचा वर्ग पाहण्याचा योग आला. मुलें मराठी घरांतलीं, शाळा इंग्रजी माध्यमाची. बाईंनीं खूण करतांच सर्व वर्गानें पावसावरील एक इंग्रजी गाणें हावभावांसह असें खणखणीत म्हणून दाखविलें कीं पाहुणेमंडळींनीं टाळ्यांचा गजर केला. त्यानंतर पहिल्या बाकावरील एका मुलास आम्हीं सहज विचारलें, "इज इट रेनिंग?" बाहेर तर पाऊस धो धो कोसळत होता. मुलानें एकवार आमच्याकडे पाहिलें, एकवार बाईंकडे पाहिलें, आणि गाण्याची पहिली ओळ पुन्हा म्हणावयास आरंभ केला. पाहुणे हंसले. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. बाईंचाही त्यांत दोष नव्हता. वर्षभरांत अमुक इतकीं गाणीं बसवावयाचीं हें काम त्यांच्याकडे होतें, आणि तें त्यांनीं चोख केलें होतें.

तोंडावर आलेलें गाणें आणि कानानें ओळखलेली भाषा यांमधील हें अंतर आजकालचें नव्हे. ख्रिस्तसभेनें परभाषा गाण्यांतून शिकविण्याचा उद्योग हजार वर्षांहून अधिक काळ केलेला आहे. त्यांत तिला यश आलें आहे आणि तिची फसगतही झाली आहे. ज्या ठिकाणीं यश आलें त्या ठिकाणीं गाण्याच्या जोडीला आणखी कांहीं होतें. तें काय होतें, हेंच पाहावयाचें आहे.

मध्ययुगांतील मठांत जीं लहान मुलें ठेविलीं जात, त्यांची मातृभाषा लॅटिन नसे. कोणाची जर्मन बोली, कोणाची फ्रेंच बोली. तरी मठांत पाऊल टाकल्यावर त्यांच्या पदरीं पहिल्यानें पडे तें लॅटिन स्तोत्रांचें पठण. दिवसांतून अनेक वेळां वडीलधाऱ्या संन्याशांबरोबर उभें राहून तीं स्तोत्रें गातां गातां पाठ व्हावयाचीं. व्याकरण आणि अर्थ मागाहून. स्वित्झर्लंडांतील संत गालच्या मठांत नवव्या शतकांत नोटकर नांवाचा असाच एक मुलगा वाढला. आलेलुयाच्या शेवटीं शब्दांवांचून लांबत जाणाऱ्या चाली त्याच्या लक्षांत राहीनात. पुढें नॉर्मन लोकांनीं उद्ध्वस्त केलेल्या फ्रान्समधील झुमियेझच्या मठांतून एक धर्मगुरु तेथें आला. त्याच्या पुस्तकांत अशा चालींखालीं शब्द बसविलेले होते. तें पाहून नोटकरानें स्वतः रचना करून पाहिली, तेव्हां त्याचे गुरु इसो यांनीं त्यास सांगितलें कीं चालीच्या प्रत्येक स्वरास शब्दाचें एक एक अक्षर मिळालें पाहिजे. ही हकीकत नोटकरानें पुढें स्वतःच लिहून ठेविली आहे. चाल विसरूं नये म्हणून शब्द, आणि शब्द विसरूं नयेत म्हणून चाल, असा हा परस्परांचा आधार.

अकराव्या शतकांत आरेझ्झोचा गीदो या संन्याशानें बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्रांतून स्वरांचीं नांवें काढलीं. त्या स्तोत्राची प्रत्येक ओळ मागच्या ओळीहून एका स्वरानें वर सुरू होते; ओळींचीं पहिलीं अक्षरें घेतलीं कीं ऊत, रे, मी, फा, सोल, ला हीं नांवें मिळतात. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून संगीताचे धडे देणाऱ्या मेस्तांपर्यंत हीच परंपरा येऊन पोहोंचली. ज्या संताच्या सणादिवशीं, २४ जूनला, गोव्याचे तरुण विहिरींत उड्या घेतात, त्याच्याच स्तोत्रानें सर्व पाश्चात्य जगास सारेगम शिकविली, ही गंमत जातां जातां नमूद करून ठेवावीशी वाटते.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्यानें फिरत, मुलें गोळा करीत आणि धर्मतत्त्वें सुरावर घोकवून घेत, ही गोष्ट आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. चित्रांतही ती घंटा आपण पाहिली आहे. परंतु त्याच वर्षीं ते दक्षिणेकडील मच्छीमार किनाऱ्यावर गेले तेव्हां त्यांची खरी अडचण सुरू झाली, ती चित्रांत दिसत नाहीं. तेथील भाषा तमिळ. ती संतांस येत नव्हती. म्हणजे तेथें विद्यार्थी जितके तितकेच गुरुही परभाषेच्या उंबऱ्यावर उभे होते. त्यांनीं दोन्ही भाषा जाणणारीं माणसें मिळवून क्रुसाची खूण, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, नमो मारिया इत्यादींचें भाषांतर करून घेतलें, स्वतः तें तोंडपाठ केलें, आणि मग घंटा हातीं घेतली. हें सर्व त्यांनीं १५ जानेवारी १५४४ च्या, कोचीनहून रोमला लिहिलेल्या पत्रांत सांगितलें आहे.

त्या पत्रांतील एक तपशील आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. रविवारीं सर्वांस एकत्र जमवून विश्वासांगीकार म्हणवितांना संत एका दमांत तो पुरा करीत नसत. एक कलम झालें कीं थांबत, आणि विचारीत, "हें तुम्ही खरें मानतां काय?" लोक छातीवर हात जोडून एकमुखानें उत्तर देत. मग दुसरें कलम. शिवाय मुलांस ते सांगत कीं येथें शिकलेलें घरीं जाऊन आईबापांस आणि शेजाऱ्यांस शिकवा. घोकलेलें शब्दशः तसेंच राहूं न देतां त्यास प्रश्नाचा टेका देणें, आणि मुलास ऐकणाऱ्याच्या जागेवरून उठवून सांगणाऱ्याच्या जागीं बसविणें, या दोन युक्त्या ज्यांना भाषा न येतांही सुचल्या त्यांस शिक्षणशास्त्राचें पुस्तक वाचण्याची गरज नव्हती.

त्यानंतर सदतीस वर्षांनीं गोव्यास एक इंग्रज आला, आणि येथें आम्हांस थोडें अधिक थांबलें पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत सुमारें १५४९ सालीं झाला. स्वदेशीं कॅथलिकांचा छळ चालू होता. ते रोमला गेले, १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले, आणि १५७९ च्या एप्रिलच्या ४ तारखेस लिस्बन सोडून २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोहोंचले. येथून वडिलांस लिहिलेलें त्यांचें प्रवासवर्णनाचें पत्र पुढें इंग्लंडांत हॅक्लूट याच्या संग्रहांत छापलें गेलें. हिंदुस्थानांत येऊन कायमचे राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचा उल्लेख करितात. १६१९ सालीं ते वारले. मधलीं चाळीस वर्षें त्यांनीं बहुतेक साष्टींत काढलीं. तेथील लोकांची बोली कोंकणी आणि पुराणें सांगण्याची भाषा मराठी. तिशी गांठलेल्या ह्या परदेशी माणसास दोन्ही भाषा आत्मसात् कराव्या लागल्या, आणि त्याही अशा वेळीं कीं त्या शिकण्यास एकही छापील व्याकरण उपलब्ध नव्हतें. गुरु होता तो कानच.

त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ मिळून ९५ अवस्वर, ओव्या सुमारें अकरा हजार. देवनागरी खिळे नसल्यामुळें ग्रंथ रोमन लिपींत छापावा लागला. त्याच्या भाषेची थोरवी मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं पुष्कळ गाइली आहे, तिची पुनरुक्ति येथें करीत नाहीं. आमचें लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे आहे. ओवी ही डोळ्यांनीं वाचावयाची वस्तु नव्हे. तीन चरणांचीं यमकें जुळत जातात आणि चौथा चरण आंखूड होऊन थांबतो. त्या थांबण्याच्या जागीं ऐकणाऱ्याला श्वास घ्यावयास आणि अर्थ पोटांत घालावयास अवकाश मिळतो. घरांत कोंकणी बोलणाऱ्या माणसास मराठी ओवी ही काहींशी परकीच. पण चर्चमध्यें ती वारंवार कानीं पडून आपलीशी होत गेली. पुढें शतकानुशतकें या ग्रंथाच्या नकला हातानें उतरून घेतल्या जात होत्या, आणि अशाच हस्तलिखितांच्या आधारें जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें त्याची नवी आवृत्ति काढली.

ख्रिस्तपुराण सर्वांस माहीत असतें. परंतु फादर स्टीफन्स यांनीं आणखी दोन पुस्तकें मागें ठेविलीं, आणि तीं तिन्ही एका फळीवर मांडल्यावांचून त्यांच्या कार्याचें मर्म कळत नाहीं. एक कोंकणींतील 'दौत्रिना क्रिस्तां', त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं राचोलास छापलेली. ती मुलांस शिकविण्यासाठीं संवादरूपानें रचिली आहे असें तिच्या मुखपृष्ठावरच म्हटलेलें आहे: गुरु विचारतो, शिष्य सांगतो. दुसरें कोंकणी भाषेचें व्याकरण. फादर दियोगु रिबैरु यांनीं त्यांत भर घातल्यावर तें १६४० सालीं तेथेंच छापलें, आणि हिंदी भाषांपैकीं कोणत्याही भाषेचें छापलेलें तें पहिलें व्याकरण होय. म्हणजे गाऊन ऐकावयास पुराण, बोलावयास संवाद, आणि चुका शोधावयास व्याकरण. या माणसानें केवळ ओव्याच लिहिल्या असत्या तर तो मोठा कवि ठरला असता. शिक्षक ठरला तो या त्रयीमुळें.

आमच्या देशांतील कीर्तनकारासही ही गोष्ट उपजत ठाऊक आहे. तो अभंग एका सुरांत शेवटास नेत नाहीं. एक चरण म्हणतो, टाळ थांबवितो, निरूपण करितो, समोरच्यास हंसवितो, प्रश्न टाकतो, आणि मग तोच चरण पुन्हा घेतो. तेव्हां श्रोते तो समजून उमजून म्हणतात. झेवियर संतांचें कलमाकलमास थांबणें आणि कीर्तनकाराचें हें थांबणें यांत फारसें अंतर नाहीं.

जेथें हें थांबणें सुटलें तेथें काय झालें, याचें उदाहरणही आपल्याच घरांत आहे. लॅटिन स्तोत्रें आपले पणजोबा-पणजी मोठ्या भक्तीनें गात. 'तांतुम एर्गो' ज्यास येत नाहीं असा म्हातारा वसईंत काय किंवा गोव्यांत काय, विरळाच सांपडला असता. परंतु त्यांतील एका शब्दाचा अर्थ विचारला तर शंभरांत कितीजणांनीं सांगितला असता? त्यांच्या श्रद्धेस आम्ही उणेपणा आणीत नाहीं. परमेश्वरास अर्थ कळत होता, आणि त्यांनाही आपण कोणापुढें गुडघे टेकले आहेत हें कळत होतें. प्रश्न भाषेचा आहे. चारशें वर्षें गाऊनही लॅटिन कोणाच्या बोलण्यांत आली नाहीं. पोप दहावे पायस यांनीं १९०३ सालीं, २२ नोव्हेंबर या संत सिसिलियाच्या सणादिवशीं, जें संगीतविषयक आज्ञापत्र काढलें त्यांत लोकांनींही पुन्हा ग्रेगोरियन गायनांत भाग घ्यावा अशी इच्छा व्यक्त केली; आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेसंबंधीं जो ठराव प्रसिद्ध केला त्यानें देशी भाषांस वेदीपाशीं वाट मोकळी झाली. गाणाऱ्यानें कळून गावें, हा विचार शेवटीं मान्य झाला.

लॅटिनच्या बाबतींत जें घडलें तें आतां आपल्या मुलांच्या इंग्रजीच्या बाबतींत घडूं पाहत आहे. १८३५ हें साल या दृष्टीनें मोठें चमत्कारिक आहे. त्या वर्षीं २ फेब्रुवारीस मेकॉले साहेबांनीं कलकत्त्यास आपलें प्रसिद्ध टिपण लिहिलें आणि या देशांत इंग्रजी शिक्षणाचा मार्ग सरकारी रीतीनें आंखला गेला. त्याच वर्षीं इंग्लंडांत नॉरिच शहरीं सारा ग्लोव्हर या बाईंनीं साध्या माणसांस स्तोत्रें गातां यावींत म्हणून सोपी स्वरलिपि पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. जॉन कर्वेन यांनीं पुढें ती सुधारून टॉनिक सोल्फा या नांवानें जगभर नेली. आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत बोस्टन येथें चार्ल्स ब्रॅडली यानें एका जुन्या फ्रेंच चालीवर इंग्रजी वर्णमाला बसवून तिचे हक्क नोंदविले. 'ट्विंकल ट्विंकल' या नांवानें आपणांस परिचित असलेलें गाणें, म्हणजे जेन टेलर बाईंची १८०६ सालची कविता, त्याच चालीवर म्हणतात.

ह्या वर्णमालेच्या गाण्यांतच गुण आणि दोष शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात. सव्वीस अक्षरें चार दिवसांत मुलाच्या तोंडीं बसतात, हा गुण. परंतु चालीच्या सोयीसाठीं 'एल एम एन ओ पी' हीं पांच अक्षरें घाईघाईनें एकत्र कोंबलेलीं आहेत, आणि कित्येक मुलें 'एलेमेनोपी' हें एकच अक्षर समजून चालतात. वाचकांनीं घरांतील लहानग्यास "एम नंतर काय?" असें विचारून पाहावें. बहुतेक तें पहिल्यापासून गाणें म्हणत म्हणत तेथवर येईल, पण मधूनच उचलून सांगूं शकणार नाहीं. पावसाच्या प्रश्नास गाण्याची ओळ ऐकविणारा तो मुलगा याहून निराळें काय करीत होता?

तर मग इंग्रजीच्या शिकवणींत गाणें घ्यावें कशासाठीं? याचें उत्तर इंग्रजीच्या घडणींत आहे. मराठी बोलतांना आपण बहुतेक प्रत्येक अक्षरास त्याचा त्याचा वेळ देतों. ऱ्हस्वास एक मात्रा, दीर्घास दोन. इंग्रज तसें करीत नाहीं. तो ठराविक शब्दांवर आघात देतो आणि मधलीं अक्षरें चिरडून टाकतो. 'डॉग्ज चेस कॅट्स' हें वाक्य घ्या: तीन शब्द, तीन आघात. आतां 'द डॉग्ज हॅव बीन चेसिंग द कॅट्स' हें घ्या. शब्द सात झाले, पण आघात तेच तीन. टाळ्या तीनच वाजवावयाच्या. अगदीं घड्याळाच्या मापानें नव्हे, तरी कानाला हीं दोन वाक्यें जवळजवळ सारख्याच लांबीचीं वाटतात. मधले 'हॅव बीन' आपल्या मुलास ऐकूंच येत नाहीं, कारण तो सातही शब्द सारखे वाजण्याची वाट पाहत असतो. उलट तो स्वतः बोलतो तेव्हां सातही शब्द सारखे ठोकतो आणि ऐकणारा इंग्रज गोंधळतो. 'फोटोग्राफ' या शब्दांत आघात पहिल्या अक्षरावर, आणि तोच शब्द 'फोटोग्राफर' झाला कीं दुसऱ्या अक्षरावर सरकतो. मराठी कानास या सरकण्याची संवय नाहीं.

त्यांत लिपीची अडचण निराळी. आपल्याकडे बहुतेक जसें लिहिलें तसें वाचतात. इंग्रजींतील 'वॉक' आणि 'टॉक' या शब्दांत 'ल' लिहिलेला असतो पण उच्चारीत नाहींत. 'लिसन' मध्यें 'ट' लिहिलेला असतो, तोही मुका. पुस्तक अगोदर हातीं दिलें कीं डोळा कानाला फसवितो. यासाठीं गाणें पहिल्यानें ऐकवावें, कागद मागाहून द्यावा, हा साधा नियम. पण तो पाळला जात नाहीं.

या आघाताच्या प्रश्नावर एक चतुर उपाय अमेरिकेंत निघाला. कॅरोलिन ग्रॅहॅम या न्यू यॉर्क विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांस इंग्रजी शिकवीत, आणि त्या पियानोवादकही होत्या. जाझ संगीताचा ठेका आणि रोजच्या इंग्रजी बोलण्याचा ठेका यांत साम्य आहे हें त्यांच्या ध्यानीं आलें. त्यांनीं लहान लहान संवाद रचले, ते ठेक्यावर म्हणावयास लाविले, आणि १९७८ सालीं ऑक्सफर्डच्या छापखान्यानें 'जाझ चँट्स' या नांवानें ते प्रसिद्ध केले. यांतील मख्खी अशी कीं त्यांनीं ठेका ठेविला आणि चाल टाकून दिली. आम्हांस हें फार विचारपूर्वक केलेलें दिसतें. गाण्यांत आवाज कोठें चढवावा आणि कोठें उतरवावा हें चाल ठरविते. बोलण्यांत तें बोलणाऱ्याचें मन ठरवितें. प्रश्न विचारतांना, नवल करतांना, नाराजी दाखवितांना इंग्रजी वाक्याचा सूर बदलतो, आणि हाच सूर गाण्यांत नाहींसा होतो. गाणें मुलास इंग्रजीचा ताल देऊं शकतें. बोलण्याचा सूर देऊं शकत नाहीं. शिवाय ग्रॅहॅमबाईंचे पुष्कळसे तुकडे दोन पक्षांत वाटून म्हणावयाचे असतात, अर्ध्या वर्गानें विचारावयाचें व अर्ध्यानें उत्तर द्यावयाचें. राचोलच्या १६२२ च्या पुस्तकांतला गुरुशिष्यसंवाद आणि न्यू यॉर्कांतला हा ठेका यांची ओळख कोणीं करून दिलेली नव्हती. गरज एकच होती म्हणून वाट एकच निघाली.

गाण्याचा उपयोग केवळ मौजेपुरता आहे असेंही कोणीं समजूं नये. एडिंबरो येथील संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत साठ प्रौढ माणसांस हंगेरियन भाषेंतील लहान वाक्यें पंधरा मिनिटें ऐकवून म्हणावयास लाविलीं. एका गटानें तीं साधीं बोलून म्हटलीं, दुसऱ्यानें ठेक्यावर म्हटलीं, तिसऱ्यानें गाऊन म्हटलीं. नंतर हंगेरियन वाक्यें बोलून दाखविण्याच्या परीक्षेंत गाणारा गट सरस ठरला. परंतु या प्रयोगांत प्रत्येक वाक्याबरोबर त्याचा इंग्रजी अर्थ ऐकविलेला होता, हें विसरतां कामा नये. अर्थ जोडीला असतांना गाण्यानें मदत केली. अर्थाची जागा गाण्यानें घेतली नव्हती.

आमच्या गायनवृंदांसंबंधीं येथें एक शब्द लिहिला तर तो अस्थानीं होणार नाहीं. आपल्यांतील पुष्कळ तरुणतरुणींचा इंग्रजीशीं पहिला स्नेह चर्चच्या माडीवर, वाजापेटीच्या शेजारीं जुळतो, आणि तो स्नेह खरा असतो. पण जुन्या इंग्रजी स्तोत्रांतून 'दाउ', 'दी', 'दाय' असे शब्द व उलटसुलट वाक्यरचना भरलेल्या असतात. तीं देवापुढें शोभतात; नोकरीच्या मुलाखतींत शोभत नाहींत. कित्येक चालींत आघात नको त्या अक्षरावर पडतो, आणि तो तसाच बोलण्यांत उतरतो. म्हणून शिकविण्यासाठीं गाणें निवडतांना तें अगोदर साधें बोलून पाहावें. बोलतांना जेथें जोर येतो तेथेंच चालीचाही जोर येत असेल तर तें गाणें कामाचें. नसेल तर कितीही गोड असलें तरी तें वेदीसाठीं किंवा स्नेहसंमेलनासाठीं राखून ठेवावें.

वर्गांतील रीत आम्हीं निरनिराळ्या चांगल्या शिक्षकांकडे पाहिली ती थोडक्यांत सांगतों. गाणें एकदां नुसतें ऐकवावयाचें, कागदावांचून. मग कोणते शब्द ऐकूं आले तें विचारावयाचें. चुकीचे सांगितले तरी फळ्यावर लिहावयाचे. पुन्हा ऐकवून तेच शब्द तपासावयाचे. कोणी ओळींच्या पट्ट्या कापून मुलांच्या हातीं देतात आणि ऐकत ऐकत त्या क्रमानें लावावयास सांगतात. कोणी कागदावर मधले शब्द गाळून ठेवितात. त्यानंतर तीच ओळ न गातां बोलावयाची, टाळी देऊन. मग तींत एक शब्द बदलावयाचा: पावसाच्या जागीं ऊन, काल्याच्या जागीं आज. आणि सर्वांत शेवटीं ती ओळ प्रश्न करून एकमेकांस विचारावयाची. लाजाळू मुलासाठीं गाण्याचा सर्वांत मोठा उपकार हा कीं समूहांत त्याचा आवाज लपतो, म्हणून तें तोंड उघडतें. उघडलेलें तोंड मग एकट्यानें उघडूं लागावें यासाठीं पुढच्या पायऱ्या आहेत. त्या गाळल्या तर तें मूल समूहांतच लपून राहतें. इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत मराठी घरांतलें मूल वर्षेंच्या वर्षें गप्प बसून काढतें, आणि घरीं आईबाप त्याच्या स्नेहसंमेलनांतील गाण्यावर समाधान मानतात, ही स्थिति कांहीं क्षुल्लक नव्हे. फी भरण्यासाठीं ज्यांनीं दागिना गहाण ठेविला त्यांस विचारा.

त्या शाळेंत पुढील वर्षीं पुन्हा जाण्याचा प्रसंग आला. बाई त्याच होत्या, गाणेंही तेंच होतें. परंतु या वेळीं दुसऱ्या ओळीनंतर त्यांनीं हात वर करून गाणें थांबविलें आणि खिडकीकडे बोट दाखवून तोच प्रश्न विचारला. वर्ग घुटमळला. मग मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "नो टीचर, रेन इज स्टॉप." वाक्य चुकलें होतें. पण पाऊस खरोखरच थांबला होता, आणि तिनें तो पाहिला होता. बाईंनीं तें वाक्य सुधारून एकदां म्हटलें, मुलीनें तें म्हटलें, आणि मग सर्वांनीं तिसरी ओळ घेतली.